हद्दीच्या आत पडायला हवं

९ सप्टेंबर

लेम्पी,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच. या पत्रात मी माफी मागत नाही आणि तू मागावीस असंही म्हणत नाही. मला फक्त बाणांबद्दल विचारायचं आहे. फोनवर माझा नंबर तू बंद करून टाकलास. पोस्टमनला तसं बंद करता येत नाही, म्हणून पत्र. अक्षर लावून घे, शाळेतही ते असंच होतं.

तुरुंगातून सुटून मी जुलैपासून घरी आहे. घरी म्हणजे आपल्या बाबांच्याच घरी. फक्त उजव्या घोट्याला पहाऱ्याचा पट्टा आहे. हद्द अशी: रस्त्याच्या बाजूला पत्रपेटी, पश्चिमेला शेजारच्या एइनोकाकांचं तारेचं कुंपण, उत्तरेला ओढा. ओढ्यापलीकडे पाऊल पडलं की पट्टा गुरगुरतो, कौंटीच्या कचेरीत मिसेस पेल्कींच्या टेबलावर ते कळतं, आणि उरलेलं वर्ष मी पुन्हा आत. डिसेंबरात पट्टा निघेल, तोवर एक चूक पुरे. ढगाळ दिवशी तर हा पट्टा बावचळतो, मी सॉनाच्या दारात उभा असलो तरी गुरगुरतो. मग बाईंचा फोन येतो.

"अर्वो, कुठे आहेस?"

"सॉनात आहे, बाई. नुसत्या टॉवेलवर. फोटो पाठवू?"

"काही गरज नाही."

अशी आमची करमणूक.

शिक्षा झाली म्हणून बंदूक आता मला जन्मात धरता येणार नाही. पण क्रॉसबो म्हणजे चापाचं धनुष्य, त्याला दारू लागत नाही, गोळी लागत नाही, म्हणून कायदा त्याला बंदूक समजत नाही. पेल्कीबाईंनी वर विचारलं, वरून होकार आला. अट एकच, हद्दीच्या आत. एइनोकाकांनी कुणाकडून तरी जुना क्रॉसबो आणून दिला. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडेल, सगळा मुलूख केशरी जाकिटं घालून रानात उतरेल, शाळा बंद होतील, आणि मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बंदुकांचे आवाज ऐकत बसेन, हे मला जमणार नाही. त्याआधी मला एक हरीण हवं.

आता अडचण. हरणं सॉनामागच्या सफरचंदांखाली येतात, आणि तिथून ओढा हाकेच्या अंतरावर आहे. बाण लागलेलं हरीण जागच्या जागी पडत नाही, धावतं, हे तुला मी काय सांगणार. ते ओढ्यापलीकडे जाऊन पडलं तर मी काय करू? गेलो तर तुरुंग. न गेलो तर जखमी जनावर सोडून देणारा माणूस. गावातल्या हॅकालाने असंच एक हरीण सोडलं होतं, आपण शाळेत होतो तेव्हा. तो मरून गेला तरी त्याचं नाव निघालं की लोक आधी ते हरीणच काढतात.

म्हणजे बाण असा हवा, की हरीण हद्दीच्या आत पडायला हवं. हलका आणि वेगवान, की जड आणि संथ? क्रॉसबोबरोबर आलेले बाण हलके आहेत, वजनाने चारशे ग्रेनच्याही आतले. टोकाला शंभर ग्रेनचं ते नव्या फॅशनचं पातं, लागल्यावर पंख उघडणारं. बाबांच्या गोठ्यातल्या टेबलावर बाण तू बनवायचीस, मी नुसता सरस सांडायचो. नुसत्या बोटावर तोलून वजन सांगायचीस. तर सांग.

अर्वो

२३ सप्टेंबर

लेम्पी,

उत्तर नाही. ठीक आहे. पालथ्या घड्यावर पाणी घालायची मला सवय आहे, तुझ्याशी वाढलो आहे मी.

म्हणून स्वतःच करून पाहिलं. फोमचा ठोकळा गोठ्याच्या भिंतीला लावला, त्याच्यापुढे गायीच्या खांद्याचं हाड टांगलं. हाड एइनोकाकांनी कसायाकडून फुकट आणलं, वर त्याच्याकडून मांस भरलेली एक पेस्टीही खाऊन आले. हलका बाण सोडला. जातो खरा! सुटला की पोचलाच. तीस पावलांवर नेम धर नाहीतर चाळीसवर, फारसा खाली पडत नाही. पण आवाज असा, की जोरात दार आपटावं. आणि हाडाला लागला तर तिथेच अडकला. पातं अर्धवट उघडलं, एक पंख तुटून गवतात पडला, तो शोधायला मला अर्धी सकाळ लागली.

काका म्हणाले, "हाडाला मारतोस कशाला? हाडामागे मार."

"हरीण हाडं काढून ठेवून येणार आहे का, काका?"

"अरे, वेग महत्त्वाचा. जग वेगावर चालतं."

"तुमचा ट्रॅक्टर आजोबांच्या वेळचा आहे."

"म्हणूनच मला माहीत, वेग नसला की काय होतं ते!"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. हलका बाण लवकर पोचतो, हरणाला हलायला वेळ मिळत नाही. पण हरीण आवाजाला दचकतं, आणि आवाज बाणाच्या आधी पोचतो. शिवाय बाण आतच अडकला तर भोक एकच. एका भोकाचं हरीण थेंबभर रक्त सांडत मैलभर जातं. मला मैल नको, मला हाकेचं अंतर हवं.

इकडे आड आणि तिकडे विहीर. फरक इतकाच, की आडापर्यंत जायला मला परवानगी आहे.

काका दर शनिवारी सॉनाला येतात, वाफेत बसून तुझी चौकशी करतात. "पुलाखाली राहायला गेलेली आपली पोरगी कशी आहे?" दक्षिणेला, पुलापलीकडे राहायला गेलेल्यांना ते अजून माणसांत धरत नाहीत. मी सांगतो, बरी आहे. मला काय माहीत?

अर्वो

५ ऑक्टोबर

लेम्पी,

पाकीट मिळालं. चिठ्ठी नाही, दोन शब्दही नाहीत. जाड कागदात गुंडाळलेली पितळेची बुचं, एकेक शंभर ग्रेनचं, बाणाच्या पुढच्या तोंडात बसवायची. आणि तीन पाती, दीडशेची, दोन धारांची, साधी, न उघडणारी, न मिटणारी. दाढी होईल इतकी धार लावलेली. ही धार दुकानातली नाही. ती तू लावलीस. मी अंगठ्यावर हलकेच फिरवून पाहिली आणि मग बराच वेळ अंगठा चोखत बसलो, मूर्खासारखा.

म्हणजे जड. कळलं.

पण मी पाकिटाची दुसरी बाजूही पाहिली. पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या घरचा पत्ता नव्हता, तू जिथे काम करतेस त्या शाळेच्या स्वयंपाकघराचा होता. कॉफी गार होईपर्यंत मी तो पत्ता बघत होतो. माझी आधीची दोन्ही पत्रं तुमच्या घरी गेली होती. ती तुझ्याआधी कुणी उघडली? तेव्हा आता हे शाळेत पाठवतो आहे. तुझ्या नवऱ्याच्या, रँडलच्या बाबतीत मला कोर्टाची बंदी आहे, त्याच्या किंवा तुमच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही. पण त्या कागदावर तुझं नाव नाही. पेल्कीबाईंकडून वाचून घेतलं आहे.

इथे तो वाचणार नाही असं धरून बोलतो. गेल्या वर्षी चार जुलैला तळ्यावर सगळे पाण्यात होते आणि तू लांब बाह्यांचा शर्ट घालून सावलीत. विचारलं तर म्हणालीस, ऊन सोसत नाही. तुला! लहानपणी पाठीची सालं निघेपर्यंत तू पाण्याबाहेर यायची नाहीस. मग वरच्या फळीवरचं ताट काढायला तू हात वर केलास, बाही घसरली, आणि मी पाहिलं. त्यानंतर धक्क्यावर मी रँडलचं काय केलं ते कोर्टाच्या कागदांत आहे, तुला पाठ असेल. कोर्टात तू म्हणालीस, "अर्वो असाच आहे. त्याला कारण लागत नाही." रँडल पहिल्या बाकावर बसला होता, जबड्याला तारा बांधून.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेव्हा मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, तुरुंगात तुझं नाव काढत नव्हतो. आता या पट्ट्यात बसून दुसरंच वाटतं. तो समोर बसलेला, घरी त्याच्याच गाडीतून जायचं, तर तू दुसरं काय म्हणणार होतीस? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला निदान पट्टा दिसतो तरी.

असो. बुचं बसवली. या वेळी सरस सांडला नाही. बाण बोटावर तोलला तर तोल पार पुढे सरकला. काका म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झाला रे!" मग सोडला. आवाज नाही, नुसता उसासा टाकल्यासारखा. आणि हाड? आरपार. मागच्या फोममध्ये पिसांपर्यंत घुसला. काकांनी हाडाचं भोक डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नमस्कार."

आता वाटतं, आणखी जड केला तर? दोनशेचं पातं मिळतं. मग सहाशे ग्रेन होईल. हरीण जागीच बसेल की नाही?

अर्वो

१९ ऑक्टोबर

लेम्पी, लेम्पी,

आज पोस्टमनने लांब नळकांडं दिलं. आत नव्या दांड्या, आधीच्यांपेक्षा कडक. आणि एका दांडीवर काळ्या शाईने लिहिलेलं: "सहाशे नको. साडेपाचशे."

इतक्या दिवसांत तुझे हे पहिले शब्द. मी हसलो. मग पायरीवर बसून रडलो, हेही लिहितो, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

तू म्हणतेस ते बरोबरच निघालं. तोवर मी काकांकडून दोनशेचं पातं मागवून बसलो होतो. चौकटीला कागद ताणून त्यातून बाण मारला तर गोल भोकाऐवजी लांब फाटलेली फट आली. पुढे फार वजन झालं की मागून दोरीचा धक्का बसताना दांडी वाकते, बाण शेपूट हलवत जातो, आणि शेपूट हलवणारा बाण कितीही जड असो, आत शिरत नाही. तुझ्या दांडीवर दीडशेचं पातं लावून मारला. कागदात भोक आणि तीन पिसांच्या तीन रेघा, बस्स. तीस पावलांच्या पुढे मात्र तो दगडासारखा खाली येतो. तेव्हा पंचवीसपलीकडे मारायचंच नाही असं ठरवलं.

आता ऐक. बाण पुरे झाले. तू तिथून निघ. आज निघ. तुझ्याकडे गाडी नसेल तर काका त्यांची गाडी घेऊन येतील, शाळेच्या मागच्या दाराशी. मी त्यांना विचारलंसुद्धा, ते तयार आहेत, वाटेत खायला पेस्टी हवी म्हणतात. तुझी माडीवरची खोली मी झाडून ठेवली. वकिलाचं नाव पेल्कीबाईंकडून घेतलं आहे. त्याला फोनही केला. शाळेच्या मुख्याध्यापिकेला पत्र लिहू का? ती चांगली बाई आहे असं तू एकदा म्हणाली होतीस. येत्या शुक्रवारी चालेल? की बुधवारी? नुसती तारीख कळव, बाकीचं मी बघतो. तू काही करायचं नाहीस, फक्त गाडीत बसायचं.

उत्तराची वाट बघतोय. उद्याच टाक.

अर्वो

२ नोव्हेंबर

लेम्पी,

एकोणीस तारखेचं पत्र परत आलं. फोडलेलं होतं, पुन्हा चिकटवलेलं. वर तुझ्या अक्षरात: "नको." त्यानंतर मी शाळेत फोन केला, कबूल करतो. कुणी बाई म्हणाली, लेम्पी दोन आठवडे रजेवर आहे.

रजा कसली? तू आजारी पडलीस तरी कामावर जाणारी आहेस. त्याला कळलं का? की तूच लपलीस माझ्यापासून?

हे पत्र टाकू कुठे? घरी टाकता येत नाही, शाळेत तू नाहीस. तरी लिहितो, कारण लिहिलं नाही तर मी ओढा ओलांडेन. काल संध्याकाळी काठापर्यंत गेलो होतो. पट्टा गुरगुरला. मी मागे आलो. तो थांबला. पुढे गेलो, पुन्हा गुरगुरला. किती वेळ असं केलं कोण जाणे. मग फोन.

"अर्वो, काय चाललंय?"

"काही नाही, बाई. फेऱ्या मारतोय."

"घरात जाऊन मार." मग म्हणाल्या, "पाच तासांचा रस्ता आहे तिथपर्यंत. तू पहिल्या तासातच पकडला जाशील, आणि मग तिच्यासाठी बाहेर कुणीच नसेल."

मी कुणाचं नाव काढलं नव्हतं. बाईंना फाइलमधून सगळं कळतं.

रोज संध्याकाळी सफरचंदांसमोर बसतो. हरणं येतात, उभी राहतात ती नेमकी फांदीआड. एकाही बाणाची वाट मोकळी नाही. मी दोरी ओढून बसतो, अंधार पडला की बाण उतरवतो, घरी येतो.

अर्वो

१० नोव्हेंबर

लेम्पी,

काल मारलं.

ऊन कलताना मोठी मादी एकटी आली. वीस पावलं असेल, जास्त नाही. आडवी उभी राहिली. मी बोट दाबलं आणि त्याच क्षणी तिने पुढच्या सफरचंदाकडे एक पाऊल टाकलं. बाणाचा दोष नाही, वजनाचा नाही, तुझा तर मुळीच नाही. बाण आरपार गेला, पलीकडे मातीत रुतला. पण जिथे लागायला हवा होता तिथून वीतभर मागे. दांडीवरचं रक्त काळपट होतं. यकृतात लागला होता, फुप्फुसात नाही. मरणार नक्की, पण सावकाश.

ती धावली नाही. चालत गेली. ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, आणि समोरच्या उतारावर हेमलॉकच्या झाडाखाली बसली. लेम्पी, ती मला दिसत होती. मान वर करून माझ्याकडेच बघत होती. मी काठावर उभा, आणि पट्टा गुरगुरतोय.

काका कुत्रा घेऊन आले. "सोडतो याला. दोन मिनिटांत धरेल, मी जाऊन संपवतो."

"नको, काका."

"अरे, डोळ्यांसमोर बसलीय!"

"म्हणूनच नको. उठवली तर जाईल."

हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. मी अकरा वर्षांचा होतो आणि माझं पहिलं हरीण असंच बसलं होतं. मी धावत सुटलो. ते उठलं, आणि आपण दोघं रात्रभर त्याच्यामागे दलदलीत फिरलो, मिळालं नाही ते नाहीच. तू मला मारलं नाहीस, एवढंच म्हणालीस, "जखमी जनावराच्या मागे लागलं की ते पळतं. सोडलं की जवळच बसतं." तरी या गावातली माणसं दर हंगामात हीच चूक करतात. जनावर तडफडताना बघवत नाही, म्हणून धावतात, आणि त्यालाच आणखी दूर पळवतात.

काका कुरकुरले, पण कुत्र्याला घेऊन गेले. मी ठरवलं, इथेच काठावर बसायचं, सकाळपर्यंत. ती तिकडे, मी इकडे. माझा वास आला तर कोल्हे तरी जवळ येणार नाहीत.

पण पट्ट्याची बॅटरी उतरली. तो दिवसातून एकदा भिंतीच्या वायरला लावावा लागतो, माझ्या पायात असतानाच. नाही लावला तर तेही उल्लंघन. मी घरी आलो. स्वयंपाकघरात, भिंतीला बांधलेल्या बैलासारखा खुर्चीवर बसलो, आणि ओढ्याच्या बाजूने कोल्ह्यांची कोल्हेकुई सुरू झाली. मी खिडकी उघडली, ओरडलो, भांडी आपटली. वायर दारापर्यंतही पुरत नाही.

सकाळी काका पलीकडे गेले. ती जागची हलली नव्हती. तिथेच, हेमलॉकखाली. कोल्ह्यांनी एक मांडी खाल्ली होती, पोट उघडलं होतं. बाकीची काकांनी ओढून अलीकडे आणून दिली. मी गुडघ्यांवर बसून तिच्या अंगावरची पानं काढली.

काका म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. काल कुत्रा सोडला असता तर ती दलदलीत जाऊन मेली असती. हेही मिळालं नसतं."

मी म्हटलं, "बरोबर काय त्यात? ती एकटी पडली होती, काका."

दिवसभर मांस कापतो आहे आणि डोक्यात तेच फिरतंय. तुला राग येईल, तुझी तुलना हरणाशी केली म्हणून, तर येऊ दे. एकोणीस तारखेला मी काय केलं? तू जखमी बसली होतीस, दोन-चार शब्दांच्या अंतरावर येऊन बसली होतीस, आणि मी कुत्रे सोडले. वकील, मुख्याध्यापिका, शुक्रवार, बुधवार. तू उठलीस आणि गेलीस. तळ्यावरही तेच. त्याचा जबडा मोडून मी तुझं काय भलं केलं? तुला त्याच्या गाडीत बसवून दिलं.

मागे लागलो तर तू पळशील. नाही लागलो तर कोल्हे. मला दुसरं काही सुचत नाही, लेम्पी. मला फार भीती वाटते.

अर्वो

१८ डिसेंबर

लेम्पी,

पाकिटावर एइनोकाकांचं नाव आणि त्यांचंच अक्षर आहे, आणि पत्ता शाळेचा. काकांनी शाळेत फोन करून, सख्खा काका आहे असं सांगून, तू कामावर परत आलीस का एवढं विचारून घेतलं. एवढी एकच लबाडी केली. न पाठवलेली दोन पत्रंही सोबत आहेत. वाचून जाळून टाक.

आज पेल्कीबाईंनी पट्टा कापला. कात्री साधीच होती, मला वाटलं होतं काहीतरी मोठं हत्यार असेल. घोट्याभोवती केस गेलेत, पांढरा पट्टा उमटला आहे. मी लगेच ओढा ओलांडून हेमलॉकपर्यंत गेलो. तिथे काही नव्हतं, बर्फ होता. परत आलो.

बाईंनी नकाशा समोर घेतला आणि कोर्टाच्या बंदीची हद्द मला बोटाने आखून दाखवली. तुमचं घर, रँडल काम करतो ती गिरणी, त्यांच्यामधला रस्ता. तुमच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, पेंडीच्या दुकानासमोरची मोकळी जागा हद्दीबाहेर आहे. तिथे ट्रक उभे राहतात, कुणी कुणाकडे बघत नाही. "तिथे बसलास तर मला काही म्हणता येणार नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गाडीत ब्लँकेट ठेव, थंडी आहे."

शनिवारी सकाळपासून मी तिथे असेन. बाबांची हिरवी गाडी. घराकडे येणार नाही. शाळेत येणार नाही, फोन करणार नाही, कुणाला पाठवणार नाही. तारीख विचारणार नाही. तू आलीस आणि नुसती काचेतून बघून गेलीस तरी चालेल. आत बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. अंधार पडला की मी पूल ओलांडून परत येईन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्याही.

मी हॉर्न वाजवणार नाही.

अर्वो